चुकलं तर मागे जा

टूथपेस्ट फक्त डाव्या डोळ्याने रडायचा. कॅमेरा डावीकडे आहे, मग उजव्या डोळ्याचं पाणी कशाला वाया घालवायचं, असं त्याला माझ्या भाच्याने शिकवलं होतं. कुठल्याशा जाहिरातीत दात दाखवून आल्यापासून या तिशीतल्या घोड्याला सगळे टूथपेस्टच म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं.

आमच्या अभिनयशाळेत दोन वर्ग. रंगमंचाचा माझा, कॅमेऱ्याचा भाच्याचा. भाऊ गेल्यावर मीच याला वाढवला, त्यामुळे त्याच्यात जे काही वाईट आहे त्याचा दोष माझ्याकडेही येतो. मधली भिंत पातळ. माझी मुलं ओरडली की त्याची मुलं दचकायची. मग तो त्यांना म्हणायचा, "बघा, आत्ताचं दचकणं खरं होतं. तेवढंच ठेवा." म्हणजे मेहनत माझी आणि अभिनय याचा.

मी शिकवायचे, की शेवटच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढलंय, त्याच्यापर्यंत पोचा. भाचा शिकवायचा, "भुवई हलवू नका, पडद्यावर ती हातभर होते. आणि चुकलं तर घाबरू नका. मागे जा, दारातून परत या, पुन्हा म्हणा. चुकीचं मी नंतर कापतो."

वर्ष संपताना संचालकांनी दोघांना बोलावलं. परीक्षेचा प्रयोग एकच होणार. सभागृहात दोनशे माणसं, आणि त्याच वेळी घरोघरी मोबाइलवर थेट प्रक्षेपण. त्यानंतर एकच वर्ग ठेवायचा. "बाई, एका म्यानात दोन तलवारी कशाला?" असं माझ्याकडे बघून म्हणाले. यातली गंजलेली कोणती, ते विचारायची गरजच नव्हती.

मला घोर लागला. सत्तरीच्या बाईला दुसरं येतं काय? मोठ्याने बोलणं. त्याला बाहेर कुणी नोकरी देत नाही, शेजारी तक्रार तेवढी करतात.

नाटक साधं होतं. मुलगी घर सोडून निघालीय, बाप कामावरून येतो आणि म्हणतो, "जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण मी दार लावून घेणार नाही, एवढं लक्षात ठेव." बाप टूथपेस्ट. मुलगी माझ्या वर्गातली, टोपणनाव भोंगा, कारण सांगायला नको. दोघांच्या छातीवर एकेक छोटा माईक. भाचा विंगेत कानाला हेडफोन लावून प्रक्षेपणाचा आवाज तपासत बसला होता, त्याच्या मागे मी.

टूथपेस्ट आत आला, "जाऊ नकोस असं मी..." म्हणाला आणि अडकला. मग शांतपणे वळला, दारातून बाहेर गेला आणि परत आत आला.

"बाबा," भोंगा म्हणाली, "आत्ताच आलात ना तुम्ही?"

सभागृह हसलं. टूथपेस्ट पुन्हा अडकला आणि पुन्हा बाहेर गेला. तिसऱ्यांदाही तेच. आता लोक पोट धरून हसत होते, आणि नाटक तर गंभीर. पहिल्या रांगेत संचालक मोबाइलवरच प्रयोग बघत होते. प्रक्षेपण अर्धं मिनिट मागे असतं, त्यामुळे सगळं सभागृह गप्प झालं की हे एकटे हसायचे.

विंगेत येऊन टूथपेस्ट भाच्याला कुजबुजला, "सर, अजून एकदा घेतो."

"अरे गाढवा, समोर माणसं बसलीत!"

"हो, पण तुम्ही नंतर कापता ना?"

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कापणार काय, दोनशे डोकी?

स्टेजवर भोंगा एकटी पेटी भरत होती. तेच चार कपडे काढून तेच पुन्हा घालत होती. आमच्या वेळी कुणी अडकलं की विंगेतला जो जवळ असेल तो आत घुसायचा. मी खांद्यावर पदर घेतला आणि टूथपेस्टची कॉलर धरली.

"आत्या, नको!" भाचा म्हणाला. "तुझा आवाज..."

मी तोवर टूथपेस्टला ओढत दारातून आत होते.

"पोरी, मी शेजारची," मी म्हणाले. "तुझा बाप तीनदा घरात आला आणि तीनदा न बोलता बाहेर गेला. माझ्या दारात येऊन उभा राहतो, रडतो. याला तुला काहीतरी सांगायचंय. ते सांगेपर्यंत मी काही याला बाहेर सोडत नाही." आणि मी दार अडवून उभी राहिले.

हसणं थांबलं. टूथपेस्टने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. जायला वाटच नव्हती. त्याचं नाक गळायला लागलं, आणि नाक काही कॅमेरा कुठे आहे ते बघून गळत नाही. मग त्याने वाक्य म्हटलं. तुटक म्हटलं, पण शेवटच्या रांगेतल्या एका बाईने ऐकून रुमाल काढला.

टाळ्या पडल्या. संचालकांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. ते मोबाइल कानाशी धरून हलवत होते. मी टूथपेस्टच्या छातीला चिकटून बोलले होते, आणि त्याच्या छातीवरचा माईक माझ्या पहिल्याच वाक्याला मेला होता, जाताना पोरीचाही सोबत घेऊन गेला होता. घरी बसलेल्या चारशे लोकांनी एक कडाका ऐकला आणि पुढे शेवटपर्यंत मुका खेळ पाहिला.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी भाच्याकडून लेखी अहवाल मागितला. आवाज का गेला, दोष कुणाचा. त्यावर माझा वर्ग राहायचा की जायचा ते ठरणार होतं. संध्याकाळी तो कागद घेऊन माझ्या खोलीत आला.

"तू वाच. मी सांगितलं तर म्हणशील फिरवून सांगतो."

मी चष्मा लावला आणि एकेक शब्द बोटाखाली धरून वाचलं. लिहिलं होतं: 'कलाकार अडखळला असता वयोवृद्ध शिक्षिकेने प्रयोग सावरला. परंतु संस्थेचे माईक कमावलेला आवाज पेलू शकत नाहीत. नवे सहा माईक त्वरित घ्यावेत. तसेच कॅमेऱ्याच्या विद्यार्थ्यांना रंगमंचाचा वर्ग सक्तीचा करावा, अन्यथा थेट प्रयोगात असे पुन्हा घडेल.'

"सहा माईक?" मी विचारलं.

"चार हवेत. सहा मागितले की चार मिळतात."

"आणि टूथपेस्टला मागे जायला कुणी शिकवलं, ते कुठंय यात?"

"आत्या, अहवाल आहे तो. कबुलीजबाब नाही."

"बरं. तो वयोवृद्ध शब्द खोड."

"असू दे गं. वाचून त्यांना थोडी दया येईल."

"दयेवर वर्ग चालवायचाय का मला? त्यांनी घाबरून सही केली पाहिजे."

त्याने पेन काढलं, 'वयोवृद्ध' खोडलं, जरा विचार केला, आणि त्या जागी 'संतप्त' लिहिलं.