येसाजीचा भात

आणेवारीच्या दिवशी येसाजीने तोंड उघडायचं नाही, असा ठराव गावकीत झाला. ठराव मांडला खुद्द येसाजीनेच. आपल्या जिभेला हाड नाही हे बायकोने सांगून झालं होतं, सासऱ्याने सांगून झालं होतं, आणि मनातून त्याला ते पटलंही होतं.

एकोणीसशे चौतीस साल. भादव्याच्या उधाणाला खाडीचा बांध फुटला नि खालच्या अंगाची सगळी शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. उभा भात करपला. वरच्या अंगाचे दोनचार तुकडे तेवढे वाचले, त्यांतला एक येसाजीचा, आणि आपल्या भाताच्या बढाया मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरकार पिकाची आणेवारी अख्ख्या गावाला मिळून एकच लावायचं. सोळा आणे म्हणजे भरघोस, चार आण्यांच्या आत म्हणजे बुडालं, आणि बुडालं तर त्या साली शेतसारा भरायला नको. खालच्यांचा जीव त्या चार आण्यांत अडकला होता. भागुबाईचा तर जास्तच. विधवा बाई, एक खाचर आणि एक म्हैस, एवढाच तिचा संसार.

आणेवारी लावणारा साहेब होडीतून उतरला. पंच म्हणून येसाजी पुढे झाला. रीतच तशी होती, नाहीतर गावाने त्याला त्या दिवशी थळच्या पाहुण्यांकडे धाडलं असतं. तोंड बंद राहावं म्हणून त्याने पानाचा भला मोठा तोबरा भरला होता. ही युक्ती त्याची स्वतःची, आणि सकाळपासून त्याला तिचाही अभिमान वाटत होता.

भागुबाईच्या खाचरात साहेबाने करपलेली लोंबी तळहातावर चोळली. सगळं फोल. "यात काही नाही," तो म्हणाला. येसाजीने नुसती मान हलवली. मागून येणाऱ्या खालच्या अंगाच्या मोरूने मनातल्या मनात खंडोबाला नारळ बोलला.

चालता चालता साहेब म्हणाला, "खारं पाणी हे निमित्त. मुळात तुम्हा लोकांना भात लावताच येत नाही. भात बघावा तो चौलचा."

येसाजीने तोबरा या गालातून त्या गालात घेतला. बांध फुटला तो सोसला. पण चौल? नारळी-पोफळीच्या सावलीत दुपारभर घोरणाऱ्यांचा भात? त्याने पचकन पिंक टाकली.

"रावसायेब, चौलला कसला भात! आमची माती सोनं हाय सोनं! चला, दावतो!"

मोरूने मागून त्याचं धोतर धरलं. सोगा हातात आला, येसाजी काही आला नाही.

वरच्या तुकड्यात लोंब्या भाराने वाकल्या होत्या. साहेबाने दाणा दाताखाली धरला आणि "वा!" म्हणाला. झालं. बी कुठून आणलं, राब कसा भाजला, येसाजी सगळं सांगत सुटला. ऐकून घेऊन साहेब कारकुनाला म्हणाला, "लिहा, सात आणे."

तेव्हा कुठे येसाजीला गाव आठवलं. "सायेब, ह्यो येवढाच तुकडा वाचलाय. खाली समदं खारं..."

"माती सोनं आहे, हे तूच म्हणालास ना?" साहेब हसला आणि होडीकडे वळला.

गावाने येसाजीला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. मोरू एवढंच म्हणाला, "चूक आमचीच. बोकडाला पाल्याची राखण दिली."

माघात साऱ्यापायी भागुबाईची म्हैस बाजारात गेली. येसाजी नव्या तांदळाची पाटी डोक्यावर घेऊन तिच्या दारात उभा राहिला. गोठ्यात रिकामं दावं पडलेलं बघून त्याला रडूच फुटलं. भागुबाईने त्यातलाच तांदूळ शिजवला नि त्याच्यापुढे पान मांडलं. घरभर वास सुटला.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

येसाजीने एक घास घेतला. "बरा न्हाय पिकला काकी, औंदा," तो म्हणाला. आपल्या भाताला वाईट म्हणायची त्याची ही जन्मातली पहिली खेप.

भागुबाईने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

"ह्येच तवा बोलला असतास लेका," ती म्हणाली, "तर वर दूध बी घातलं असतं."