घरापेक्षा मोठी शेगडी

मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे मान वर करून सांगतात. मला ते जमणार नाही. मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. पोटात लाकडे जाळायची आणि घर उबदार ठेवायचे, हे माझे काम. माझ्या पुढच्या दाराला काच आहे आणि डोक्यावरचे धुराडे छपरातून बाहेर जाते. आमच्या चिलोए बेटावर पाऊस वर्षभर मुक्कामाला असतो, त्यामुळे घरोघरी माझ्यासारखी कुणीतरी लागतेच.

कारखान्यात मला ओतणाऱ्या कारागिराने माझ्या दारावर द्राक्षाची वेल काढली होती. त्या वेलीने मला चढवून ठेवले. कास्त्रो गावात दोन्या एल्मिरा, म्हणजे एल्मिराबाई, हिच्या शेगड्यांच्या दुकानात मी दोन हिवाळे पडून होते. गिऱ्हाइके माझ्यावरून हात फिरवायची, वेलीचे कौतुक करायची आणि शेजारची आखूड पायांची छोटी शेगडी घेऊन जायची. तिची जागा लगेच दुसरी तशीच छोटी घ्यायची. मी त्यांना टीचभर समजत असे. मनातून मात्र माझा जळफळाट होई.

मग मे महिन्यात, आमच्याकडे हिवाळा सुरू होतो तेव्हा, अल्बिनो आणि नोल्फा हे जोडपे आले. त्यांना यास्ना नावाची सहा वर्षांची मुलगी होती. घरातली जुनी शेगडी तडकली होती आणि तिच्या धुराने यास्नाला खोकला जडला होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावले होते की, शेगडी बदला, नाहीतर पोरीची छाती कायमची जाईल. म्हणून त्यांनी कोकरे विकली होती. या कुटुंबाला ट्रकमधून दुकानात आणले होते नोल्फाच्या भावाने, रेमिखिओने. त्याचे घर दुमजली होते आणि ते दुमजली असल्याचे तो दर दोन वाक्यांनी सांगत असे.

दोन्या एल्मिराने छोट्या शेगडीवर हात ठेवून विचारले, "घर केवढं आहे?"

नोल्फाने तोंड उघडले, "चाळीस..."

"एकशेचाळीस चौरस मीटर!" अल्बिनो मध्येच म्हणाला. त्याची नजर रेमिखिओकडे होती.

"वा रे पाव्हण्या, वाढवलंस की काय घर?" रेमिखिओ हसला.

"वाढवणारच आहे."

नोल्फाने मान खाली घातली. दोन्या एल्मिराने छोटीवरचा हात उचलून माझ्यावर ठेवला. "मग ही घ्या. ही घर भाजून काढेल."

मित्रांनो, मला सारे कळले होते. एकशेचाळीस मीटरच्या घरातली बाई अशी मान खाली घालत नाही. तरी मला आनंद झाला. शेजारच्या छोटीकडे मी तोऱ्यात पाहिले. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

मला आत घेताना त्यांना दाराची चौकट काढावी लागली. यास्ना कोपऱ्यात उभी राहून बघत होती. "आई, ही आली, आता आपण कुठे बसायचं?" तिने विचारले. सगळे हसले. मी पण मनात हसले.

पहिल्याच दिवशी मी भरभरून पेटले. तासाभरात फळीवरचे चीज पाझरू लागले, अल्बिनो बनियनवर आला आणि नोल्फाने दार सताड उघडले. पाऊस आत आला. मग अल्बिनोने माझी हवेची झडप जवळजवळ बंद केली. मला घरापुरते ठेवायचे तर दुसरा उपायच नव्हता. हवा नाही म्हणजे ज्वाळा नाही. लाकडे नुसती धुमसत राहिली, माझी काच काळी झाली, धुराड्यात काजळीचे थर साचले आणि लाकूड घालायला दार उघडले की धूर घरात यायचा. आधीच्या तडकलेल्या शेगडीपेक्षा मी वाईट निघाले.

यास्नाचा खोकला वाढला. अल्बिनो म्हणे, "लाकडं ओली आहेत." नोल्फा मग लाकडे बारीक फोडून पडवीत रचून ठेवी. तिचे हात सोलून निघाले. दोष माझा आहे असे कुणी म्हणत नव्हते, कारण तसे म्हटले असते तर दुकानातला तो आकडा बाहेर पडला असता. यास्ना मात्र रोज कागदाने माझी काच पुसायची. "रुसलीस का गं? बघू तुझा जाळ," असे म्हणत ती तोंड अगदी जवळ आणायची आणि खोकत मागे सरायची. त्या वेळी मला फुटून जावेसे वाटे.

एका रविवारी दुपारी रेमिखिओ जेवायला आला. माझ्या डोक्यावर बटाट्याच्या भाकऱ्या भाजत होत्या. "एवढी देखणी बाई आणलीस आणि तिचं तोंड बांधून ठेवलंस?" त्याने अल्बिनोला डिवचले. "झडप उघड की लेका!"

तेवढ्यात यास्नाला उबळ आली. ती थांबेना. तिचे ओठ निळे पडले. नोल्फा तिला उचलून दारात पावसाच्या हवेत घेऊन गेली आणि तिथूनच ओरडली, "झडप कशी उघडेल? हे घर चाळीस मीटरचं आहे, दादा! तेव्हा हा खोटं बोलला आणि मी तुझ्यासमोर गप्प बसले. आमची लाज राखली आम्ही, आणि पोरगी मरतेय माझी!"

रेमिखिओने खाली पाहिले. अल्बिनोने फावडे घेतले, माझ्या पोटातले निखारे उपसले आणि पावसात नेऊन टाकले. त्या दुपारी मी थंड पडले, आणि यास्नाचा श्वास हळूहळू पूर्ववत झाला.

दुसऱ्या दिवशी अल्बिनोने मला ट्रकवर चढवून दुकानात आणले. दुकान भरलेले होते.

"दोन्या एल्मिरा," तो सगळ्यांदेखत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझं घर पाच बाय आठ मीटर आहे. मी खोटं सांगितलं होतं."

"आता तरी मोजलंस ना?" ती म्हणाली.

"तेव्हाही मोजलेलंच होतं."

तिने छोटी शेगडी ट्रकवर चढवायला लावली आणि मला त्यांच्या गावच्या सभागृहासाठी पाठवून दिले. जाताना छोटीकडे पाहायचे मला धाडस झाले नाही.

सभागृहात मी मोकळेपणी पेटते. काच लखलखीत असते. लोक वेलीचे कौतुक करतात. गावच्या जत्रेला नोल्फा आणि यास्ना आल्या. पोरीचे गाल भरले होते. पण मला पाहताच तिने गळ्यातला मफलर नाकावर ओढला.

"अगं, आता ती धूर करत नाही," नोल्फा म्हणाली.

"माहीत आहे," यास्ना म्हणाली. तिने मफलर काही काढला नाही. ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली.

मित्रांनो, शेगडी घ्यायला जाल तेव्हा आधी आपले घर मोजा, आणि दुकानात कोण उभे आहे हे न बघता खरा आकडा सांगा. तुमच्या लहानशा खोलीची लाज बाळगू नका. लाज काय असते ते मला विचारा. यास्ना अजूनही प्रत्येक जत्रेला येते आणि दाराजवळच बसते. तिथून तिला माझा जाळ दिसावा, म्हणून मी होईल तेवढे स्वच्छ जळते.