काही विशेष नाही

"अहो, उठता का नाही? भाजी आनाले जाचं हाय न!"

"उठतो कसा? रिलीव्हर कोठी आला?" वहीतून मान वर न काढता केवलराम म्हणाले.

स्टील प्लांटच्या पंपहाऊसमध्ये अडतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तेव्हा नात मोनाने फर्मावलं, "आबा, अपनी कहानी लिखो. दिवाळीले येऊन मी वाचीन." केवलरामांनी नेम धरला. रोज सकाळी सहा ते आठ, बोरसीतल्या घरात, खिडकीजवळच्या टेबलाशी.

नेम एक दिवसही चुकला नाही. पंचाईत वेगळीच होती. पेन धरलं की हात आपोआप लॉगबुक लिही. 'सहा वाजता चार्ज घेतला. हवा नॉर्मल. दूधवाला आला. काही विशेष नाही.' पंधरा दिवसांची पंधरा पानं, सगळी नॉर्मल. आणि दिवाळी चार दिवसांवर.

त्यात पंपहाऊसचा नियम हाडात मुरलेला. बदलीचा माणूस येऊन सही करत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. आठ वाजून गेले तरी उठवेना.

"कोन येनार हाय बाप्पा? मीच आली रिलीव्हर!" बेबीताई कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"असं नाही होत. चार्ज घ्या लागते, लिहा लागते."

"द्या पेन."

सुपेल्याच्या बाजारातून मेथी घेऊन केवलराम परतले, तेव्हा साडेदहा झाले होते. बेबीताई खुर्चीतच. गॅस थंड.

"सैपाक?"

"आता कसा करीन? रिलीव्हर आल्याशिवाय उठाचं नाही म्हने न!"

वहीत चार पानं भरली होती. केवलराम उभ्याउभ्याच वाचू लागले.

'पोट दुखून राहिलं होतं. हे डबल ड्यूटीवर. शेजारच्या रंभाबाईच्या सायकलवर मागं बसून दवाखान्यात गेली. रंभाबाई रस्ताभर म्हने, बाई, जरा दम धर, माह्या सायकलले ब्रेक नाही. अकरा वाजता पोरगी झाली. नाक यांचं.'

केवलरामांना हसू फुटलं, आणि मध्येच थांबलं. त्या दिवसाचं लॉगबुक त्यांना आठवलं. अक्षर त्यांचंच. 'अकरा वाजता प्रेशर नॉर्मल. काही विशेष नाही.'

"मोना वाचंन न हे?" बेबीताईंनी हळूच विचारलं. "अजून लय बाकी हाय."

केवलरामांनी वाकून पानाच्या कडेला लिहिलं, 'साडेदहा. स्वयंपाकघराचा चार्ज घेतला.' खाली सही केली. पेन बायकोच्या हातात परत दिलं आणि आत गेले.

डब्यांची झाकणं एकामागून एक वाजली. मग आवाज आला,

"बेबी, तांदूळ कोन्या डब्यात राह्यते वं?"