नकाशाची वरली बाजू

हार घातलेली जेसीबी. मांजराएवढा वाघ, शेपटी नदीत. पाचोऱ्याहून आणलेले पेढे. आडवी, उलटी, तिरपी झाडं. “मॅडम, फक्त सही.”

सगळं एकाच दुपारचं. बन्सीलालनाना गढी समितीचे अध्यक्ष. हेमांगी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची, त्याचेही तेच. त्यांना माळ्यावर कापडी नकाशा सापडला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, जुन्या सरहद्दीवरच्या फौजी गढीचा, कुणीतरी हाताने काढलेला, त्या वाघासकट आणि झाडांसकट. नानांनी तो फ्रेम करून भिंतीवर ठोकला. त्यावरून गढीचा दरवाजा पश्चिमेला ठरला, म्हणजे नेमका नानांच्या हॉटेलासमोर. कमान तिथेच बांधायची होती, जेसीबी त्यासाठीच आणली होती. इतिहासाच्या माणसाची सही तेवढी हवी होती. पेढ्यांच्या खोक्याशेजारी हेमांगीच्या कायम नेमणुकीचा कागदही तयार होता.

असे नकाशे भिंतीसाठी नसतातच. सतरंजीवर पसरायचे, भोवती बसायचं, ज्याने त्याने आपल्या बाजूची अक्षरं वाचायची. हेमांगीने फ्रेम उतरवून जमिनीवर ठेवली आणि भोवती फिरली. समिती खुर्चीतच राहिली. खाली बसणं समितीला शोभत नव्हतं.

“नाना, नदी गढीच्या पूर्वेला आहे. तुमच्या भिंतीवर ती पश्चिमेला गेली.”

“नदी सरकनी व्हई.”

“त्या काळी नद्या लई फिरायच्या,” सचिव पंडितअप्पा पेढा चघळत म्हणाले.

“आणि वरची बाजू कोणती, हे कसं ठरवलं?”

“मन्हा पणजानं नाव सरळ वाचता येस. तीच वरली बाजू.”

हेमांगीने नेमणुकीच्या कागदाकडे एकदा पाहिलं. बरीच वर्षं तिने त्याची वाट पाहिली होती.

“नाव सरळच आहे, नाना. पण ते उत्तरेकडच्या पागेच्या बाजूने लिहिलंय, म्हणून तुमचा नकाशा उलटा लागलाय. पणजोबा वैरण घालायला होते. दरवाजा त्यांच्या डाव्या हाताला, नदीकडे.”

तिने पेनाला टोपण लावलं. पंडितअप्पांचा पेढा तोंडातच थांबला.

“मॅडमले रिक्षा बलाई द्या,” नाना म्हणाले.

जूनमध्ये कॉलेजने तिला बोलावलं नाही. ती पिंप्राळ्यात शिकवण्या घेते. सही दुसऱ्या कुणीतरी केली. कमान झाली, आतून दिवे आहेत. तिच्यातून शिरलं की समोर सलग तट लागतो. लोक तिथे फोटो काढतात, मागे वळतात आणि नानांकडे चहा पितात.

गढीच्या दरवाजाच्या सागवानी फळ्या नानांच्या वडिलांनी नदीच्या बाजूने गाडीत घालून धुळ्याला विकल्या होत्या.