नऊ नंबरच्या खाटेवरचे बहात्तर ठोके

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट काही ओरडून सांगण्यासारखी नाही. एका मुलीची आहे. तिनं एका माणसाला देवाच्या खालोखाल मानलं. त्यानं तिच्या मानण्याचं काय केलं, ते सांगते. लांबण लावणार नाही.

दवाखान्यात खाटेशेजारी नाडीचे ठोके दाखवणारा पडदा असतो ना, तो बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती कामाला होती. त्या पडद्याच्या आत एक छोटा संगणक, आणि संगणकाच्या पोटात एक कारभारी. त्याला कर्नल म्हणतात, फौजेतला नव्हे हो, संगणकातला. कारभारी कसा? घरातल्या थोरल्या सुनेसारखा. कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय हवं, सगळं तिच्या ध्यानात. वर बसलेल्यांना फक्त निरोप मिळतो. पेशंटच्या छातीची वायर जोडली की हा कारभारी आपल्या यादीत नोंद करतो, आली. सुटली की नोंद करतो, गेली. 'गेली' म्हटलं की भोंगा वाजतो आणि सिस्टर धावत येते. एवढंच काम, पण त्यावर माणसाचा जीव टांगलेला.

आमची मुलगी या कारभाऱ्याचीच देखभाल करायची. बारीकातली बारीक चूक अलगद उचलून काढायची म्हणून ऑफिसात तिला 'चिमटी' म्हणत. हे नाव ठेवलं काकांनी. काका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने, डोक्याचे केस पांढरे, बोलणं मऊ. तिला कर्नल शिकवला त्यांनीच. हाताला धरून शिकवला म्हणा. ती चुकली की ओरडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "पुन्हा बघ, पोरी. तुला दिसेल." आणि तिला दिसायचं.

आता एक गंमत ऐका. कारभाऱ्याच्या यादीत कधी कधी खोटा पाहुणाही घालावा लागतो. वायर नाही, छाती नाही, पण वरच्यांना वाटावं की सगळं आहे. आभासी डिव्हाइस म्हणतात त्याला. त्यात पाप नाही हो! कंपनीत यंत्र तपासायला रोज रोज छाती उघडी टाकून कोण बसणार? म्हणून चिमटीनं एक आभासी पेशंट लिहिला होता. मिनिटाला बहात्तर ठोके, ना एक कमी ना एक जास्त. ऑफिसात त्याचं नाव पडलं 'जावईबापू', कारण त्यांना कधी काही होत नसे आणि काही करावंही लागत नसे.

पण चिमटीनं एक नियम घालून ठेवला होता. जावईबापू फक्त चाचणीच्या टेबलावर. दवाखान्यात जाणाऱ्या यंत्रात त्यांना शिरू द्यायचं नाही, आणि हा नियम बदलायचा तर खुद्द तिची सही लागेल. या कामात तशी रीतच आहे. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याची सही, त्याखाली तपासणाऱ्याची. सही कागदावरची नव्हे, संगणकातली. तिची एक गुप्त किल्ली असते. एकदा केलेली सही पुसता येत नाही.

मागे तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ही रजा मागायला गेली तर काकाच म्हणाले, "अगं, विचारतेस काय? आईपेक्षा यंत्र मोठं का? जा तू. तुझ्या सहीवाचून काही अडलं तर मात्र पंचाईत होईल बघ."

"मग किल्ली तुमच्याकडे ठेवून जाते की, काका!"

असं करायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण आपण गावाला जाताना घराची किल्ली शेजारी देतो, तेव्हा शेजाऱ्याची चौकशी करत बसतो का? तिनं चिठ्ठीवर त्या किल्लीचा पासवर्ड लिहिला आणि निश्चिंत मनानं गेली.

चार महिने गेले. एका सकाळी एका दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. ही बाई मोठी फटकळ.

"ताई, तुमच्या यंत्राला काय झालंय? नऊ नंबरचे आजोबा संडासात गेलेत आणि इथं पडद्यावर त्यांची नाडी चाललीय."

"वायर छातीला असेल त्यांच्या."

"वायर माझ्या हातात आहे! मी काय संडासापर्यंत दोरी सोडलीय का?"

"किती दाखवतंय?"

"बहात्तर. मघापासून बहात्तरच. इतकी शहाणी नाडी मी उभ्या नोकरीत बघितली नाही."

बहात्तर म्हणजे जावईबापू, हे चिमटीनं तिथंच ओळखलं. ती तशीच उठून दवाखान्यात गेली. वॉर्डात चौदा खाटा. आजोबा परत येऊन खाटेवर बसले होते आणि सिस्टरला म्हणत होते, "मी इथं नसतानाही बरा असतो, तर मला घरी का सोडत नाही?" सगळे हसले. चिमटीला हसू येईना. तिनं स्वतःच्या हातानं दहा नंबरची वायर काढली. भोंगा वाजला नाही. पडदा क्षणभर थांबला आणि मग सुरू झाला. बहात्तर.

"आणि आम्ही खूश होतो," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं, हल्ली भोंगा कटकट करत नाही. तुमच्या त्या काकांना फोन करून आभार मानले मी."

ऑफिसात येऊन चिमटीनं कारभाऱ्यात केलेल्या बदलांच्या जुन्या नोंदी उघडल्या. नव्या ओळी फार नव्हत्या, पंधरा-वीस. वायर सुटली की 'गेली' लिहू नको. त्याच नावावर, त्याच जागी जावईबापूंना उभं कर. खरी वायर परत आली की त्यांना गुपचूप मागच्या दारानं काढ. वरच्यांना कळायचं कारणच नाही. काम इतकं सफाईदार की दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं वाहवा केली असती. खाली करणाऱ्याची सही होती तिची. तपासणाऱ्याची, काकांची.

तारीख बघितली. त्या दिवशी ती ऑपरेशनच्या खोलीबाहेर आईच्या चपला हातात धरून बसली होती. आणि त्या ओळींत खाटांची मोजणी शेवटापासून सुरुवातीकडे, उलटी केलेली होती. अख्ख्या ऑफिसात असं मोजणारा माणूस एकच.

ती काकांच्या खोलीत गेली. ते ब्रशनं कीबोर्डची धूळ काढत होते.

"काका, जावईबापू वॉर्डात कसे पोचले?"

ब्रश थांबला नाही. "दार लाव आधी."

तिनं लावलं.

"दिवसाला साठ वेळा भोंगा वाजायचा," काका म्हणाले. "पेशंट कुशीवर वळला की वायरची क्लिप निसटते, की वाजला. दवाखाने यंत्रं परत पाठवायला निघाले होते. म्हटलं, महिनाभर झाकून ठेवू, तेवढ्यात क्लिप सुधारू."

"चार महिने झाले."

"राहून गेलं गं."

"आणि वायर सुटलेली असताना कुणाचं हृदय थांबलं असतं तर?"

"सहसा असं होत नाही."

"सहसा!" तिचा आवाज फाटला. मग ती हळू म्हणाली, "माझी सही का घेतलीत? स्वतःची करायची होती."

"नियम तुझा होता ना? तो मोडायला तुझीच सही लागत होती." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जणू तिला एखादं गणित समजावून देत आहेत. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हे बघ, सोमवारपर्यंत गप्प राहा. पुढच्या दुरुस्तीत मी ते काढून टाकतो, कुणाला पत्ताही लागणार नाही. बोललीस तर नाव तुझं येणार आहे, पोरी. मी तुलाच जपतोय."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापताना आवाज होत नाही, आणि कापणारा वरून मायेनं बोलत असतो. तो बुधवार होता. सोमवारपर्यंत पाच दिवस. वॉर्डात चौदा माणसं, आणि असे वॉर्ड किती तरी. चिमटी बाहेर आली आणि जिन्यातच उभी राहून तिनं फोन लावला.

"सिस्टर, सगळे पडदे बंद करा. हातानं नाडी बघा."

"अहो, चौदा पेशंट आणि आम्ही दोघी! काय बोलताय?"

"कळतंय मला. तरी करा."

"कारण काय लिहू?"

"लिहा, यंत्र खोटं बोलतं. आणि सांगणारी म्हणून माझं नाव लिहा."

मग तिनं एकेक दवाखान्याला फोन केला. जागेवर बसून त्या ओळी काढल्या, खाली सही केली, तपासणाऱ्याची शेजारच्या टेबलावरून घेतली आणि दुरुस्ती सगळ्या दवाखान्यांत पाठवली. भोंगे पुन्हा वाजू लागले. सिस्टर सांगते, त्याच आठवड्यात तीन नंबरच्या बाईंची वायर सुटली, भोंगा वाजला, आणि धावत जाऊन बघते तर बाईंचा श्वास अडकलेला. बाई वाचल्या. देवाची कृपा, आणि दुसऱ्या कुणाची ते मी वेगळं सांगायला नको.

पुढे चौकशी बसली. टेबलामागे तिघं जण. काकांना विचारलं, "हे काम कुणाचं?" काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "सही कुणाची आहे ती बघा."

चिमटीनं किल्लीची हकिकत सांगितली.

"म्हणजे किल्ली तुम्ही स्वतःहून दिलीत?"

"हो."

"का?"

तिच्याकडे एकच उत्तर होतं. "काका होते म्हणून."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नोकरी तिची गेली. काका अजून तिथंच आहेत, नव्या मुलांना शिकवतात, आणि चांगलं शिकवतात म्हणे. तिनं मागाहून त्यांना शिव्याशाप दिल्याचं मी ऐकलं नाही. आईला तिनं काहीच सांगितलेलं नाही. त्यामुळे आई मधूनमधून विचारते, "अगं, त्या काकांना एकदा जेवायला बोलाव ना. माझ्या डोळ्याच्या वेळी त्यांनी तुला किती सांभाळून घेतलं." आणि ही म्हणते, "बोलावीन, आई." मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठून स्वयंपाकघरात जाते.

झाली गोष्ट. उठण्याआधी एक मागणं आहे माझं. तुमचं कुणी कधी दवाखान्यात असेल, आणि ऐन झोपेच्या वेळी भोंगा कोकलू लागेल, तर कपाळाला आठ्या घालू नका. क्षणभर त्या चिमटीची आठवण करा, आणि तिच्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोला.