ठमाबाईचा बुधवार

सुजय सरपंच झाला तो एका वचनावर. परदेशात पंतप्रधानाला दर आठवड्याला सभागृहात उभं करून प्रश्न विचारतात, हे त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. "मीही दर बुधवारी पंचायतीसमोर उभा राहीन, ज्याला हवं त्यानं विचारावं," असं तो प्रचारात बोलला, आणि वरसे गावापलीकडच्या त्या लहानशा गावानं त्याला डोक्यावर घेतलं. पेणच्या कॉलेजात वक्तृत्व गाजवलेला गडी, बोलण्यात त्याचा हात कोण धरणार? विरोधी गटाचा शिवा दर बुधवारी कंबर कसून यायचा आणि तोंड पाडून जायचा.

सुजयची आई ठमाबाई पुढच्या रांगेत बसून हे सगळं कौतुकानं बघायची. अभिमान वाटायचाच, का वाटू नये?

पण हल्ली ती तळ्यावर धुणं घेऊन गेली की बायका गप्प होत. एक दिवस तिनं मैनेला गाठलं. दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलेल्या.

"काय गो मैने, मी काय भूत हाय?"

"भूत नाय गो. पन तुझ्यासमोर नळाचं बोलायचं कसं? नवी लाइन आली ती पयली तुझ्या दारात. आमची वरची आळी कोरडीच. शिवा विचारनार व्हता, पन त्याच्या बायकोचं बाळंतपन तूच केलंस. कोनाची जीभ रेटंल?"

ठमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगा हुशारीनं जिंकतोय असं तिला वाटत होतं, आणि गाव तर तिच्या भिडेपोटी गप्प बसलं होतं!

त्या बुधवारी तिनंच हात वर केला.

"सरपंच, नवा नळ पयला माझ्या दारात कसा?"

लोक हसले. सुजयही हसला. "ज्येष्ठ नागरिकांना आपण प्राधान्य देतो."

"मैना माझ्याहून मोठी हाय. तिचे गुडघे गेलेत. तिच्या दारात कुठं हाय नळ?"

"लाइन खालून वर जाते, थोडी तांत्रिक अडचण..."

"आपलं घर मधी हाय. खालच्यांना तरी मिळालाय?"

सुजयनं आवाज खाली आणला. "आये, घरी बोलू."

"घरी तू माझा सुज्या. हितं मी मत दिलेली बाय हाय. उत्तर दे."

त्यानं शिवाकडे पाहिलं. शिवा चपलेकडे बघत होता.

"चुकलं," सुजय शेवटी म्हणाला. "ठेकेदार बोलला, साहेब, सुरुवात तुमच्यापासून करू. मी नाय म्हटलं नाय."

ठमाबाईचा जीव तुटला, आणि त्याच वेळी ऊरही भरून आला. आजवर त्यानं दिलेलं हे सगळ्यात आखूड उत्तर होतं.

"मग वरच्या आळीला पानी येईस्तोवर माझा नळ बंद कर."

"करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हंडा घेऊन सार्वजनिक नळाच्या रांगेत उभी राहिली. कंबर कुरकुरत होती. क्षणभर सगळ्या बायका गप्प झाल्या. मग पुढची मैना वळली.

"काय गो ठमे, तुझा सरपंच नुसताच बोलतो का पानीबी आनतो?"

रांगेत हशा पिकला. ठमाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली, हंडा खाली टेकवला आणि आपल्या लेकाला चार शिव्या हासडून बायकांच्या बोलण्यात सामील झाली.