सत्तरीनंतरची परीक्षा

विधेयक मांडायच्या दिवशी आमदारताईंना विधानभवनात सोडायला खुद्द त्यांचे वडील निघाले.

"ड्रायव्हरला आज सुट्टी दे," ते म्हणाले. "पहिलंवहिलं विधेयक मांडतेयस. बापानंच न्यायला हवं."

ताईंना त्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं. पण नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण द्यायची छाती असती तर या विधेयकाची वेळच आली नसती.

वडिलांना सगळं शहर मास्तर म्हणायचं. शाळेतले नव्हे, गाडीचे मास्तर. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवली. भलेभले डॉक्टर आणि वकील त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झाले होते. "आरसा बघ, मान वळव, मग चाक फिरव," हा त्यांचा मंत्र. ताईही त्यांच्याकडेच शिकल्या, आणि मुलगी म्हणून ओरडा जरा जास्तच खाल्ला.

उन्हाळ्यात एकदा ताई गॅलरीत उभ्या होत्या. खाली मास्तरांची गाडी कोपऱ्यावर वळली. डावीकडून पोस्टातल्या बाई सायकलवरून येत होत्या. गाडीचा नुसता कोपरा लागला आणि बाई सायकलसकट फूटपाथवर आदळल्या. मास्तर तसेच पुढे गेले. पळाले नाहीत, त्यांना काही दिसलंच नव्हतं. ताई अनवाणी धावत खाली गेल्या, बाईंना उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या. मनगट सुजून टम्म झालं होतं. ताईंनी हात जोडले.

"वडिलांना कळू देऊ नका. मी बघते काय ते."

"बघा हं नक्की," बाई म्हणाल्या. "माझ्या जागी एखादं लेकरू असतं तर?"

ताईंनी बघितलं ते असं. घरी एक वाक्य बोलायचं सोडून त्यांनी अख्ख्या राज्यासाठी कायदा लिहायला घेतला. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकानं गाडीची परीक्षा पुन्हा द्यावी. सगळ्यांनाच लागू झाला की आपल्या बापावर बोट ठेवल्यासारखं व्हायचं नाही. मसुदा झाला, विधी विभागानं परत पाठवला, पुन्हा झाला. त्यात महिने गेले. तेवढे महिने मास्तर गाडी चालवत होते, आणि गाडी फाटकात शिरल्याचा आवाज येईपर्यंत ताई जेवायला बसत नव्हत्या.

सभागृहात ताई उभ्या राहिल्या. वर प्रेक्षकांच्या सज्जात मास्तर पहिल्याच रांगेत बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या एका वयोवृद्ध नागरिकाच्या गाडीचा धक्का लागून एक महिला पडली. त्या नागरिकाला त्याचा पत्ताही नव्हता."

विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "ताई, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारलंत का आधी?"

सभागृह खदखदून हसलं. वर मास्तरही हसले, मान डोलावून. ताईंना पुढचं वाक्य आठवेना. कागदात बघून त्यांनी कसंबसं भाषण संपवलं. आवाजी मतदान झालं, विधेयक समितीकडे गेलं, आणि बाहेर आल्यावर लोक हात मिळवायला पुढे आले. प्रत्येक हात ताईंना जड वाटत होता.

परतताना मास्तर खुशीत होते.

"झकास बोललीस! आमचे शिंपीबुवा चिडलेत, म्हणे मास्तरांच्याच पोरीनं म्हाताऱ्यांच्या पोटावर पाय दिला. मी म्हटलं, तिनं काहीतरी बघितलं असणार, उगाच नाही आणणार." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला एक सांग, त्या म्हाताऱ्याच्या घरात कुणाला तोंड नव्हतं का?"

ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"होतं, बाबा," त्या म्हणाल्या. "ते तोंड माझं होतं."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. हातब्रेक ओढला. ताईंनी सगळं सांगितलं, पोस्टातल्या बाईंपुढे हात जोडल्याचंही. मास्तर दोन्ही हात चाकावर ठेवून ऐकत होते.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "बापाशी बोलायला तुला अख्खं सभागृह लागलं?"

ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि ताईंच्या बाजूचं दार उघडलं. "सरक पलीकडे." घरापर्यंत ताईंनी गाडी चालवली. एका वळणावर त्यांनी आरसा न बघताच चाक फिरवलं. मास्तर अवाक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते चालत पोस्टात गेले आणि बाईंची माफी मागून आले. मग ताईंना म्हणाले, "आता डोळे दाखवू."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग खुर्ची जवळ ओढली. काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूची नजर हळूहळू विझत आली होती, आणि डाव्या डोळ्यात फारशी उरली नव्हती.

"गेलेली नजर परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलीय ती थेंबांनी टिकवू. काही महिने आधी आला असतात तर बरीच वाचवता आली असती. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

ताईंनी मास्तरांकडे बघितलं.

"कसं येणार?" मास्तर चटकन म्हणाले. "मी कुणाला पत्ताच लागू दिला नाही."

सभागृहात विरोधकांच्या तोंडावर बोलणाऱ्या ताई त्या छोट्या खोलीत मान खाली घालून बसल्या. बापानं पांघरूण घातलं होतं. ते अंगावर ओढून घेणं फार सोपं होतं.

"आलं होतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं आणि थेंबांचं नाव लिहून दिलं.

विधेयक पुढे वर्षभरानं संमत झालं. समितीनं गाडीच्या परीक्षेऐवजी डोळ्यांची तपासणी सक्तीची केली, तीही ताईंच्याच आग्रहावरून. लोकांनी दूरदृष्टीच्या नेत्या म्हणून त्यांचं कौतुक केलं. तो शब्द ऐकताना ताईंनी मान वर केली नाही.

घरी रोज सकाळ-संध्याकाळ त्या मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घालतात. मास्तर मान मागे टाकून मुकाट बसतात. कधीमधी म्हणतात, "हात थरथरतोय तुझा."

"हो," ताई म्हणतात, आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळतात.